आगळात पाणी किती घालायचं? रक्त गेलेल्या पेशंटला सलाईन लावण्याआधी

नवीन सिस्टर रुजू झाल्या की पहिल्या दिवशी मी घरून कोकमाच्या आगळाची, म्हणजे घट्ट रसाची, बाटली घेऊन जायचे. काचेच्या पेल्यात आगळ काठोकाठ ओतायचं, मग त्यातलं अर्धं काढून टाकायचं आणि विचारायचं, ‘‘रंग बदलला काय?’’ नाही बदलत. पेला अर्धा झाला तरी आत तोच काळपट लाल रंग. मग वरून पाणी ओतायचं. पेला परत भरला, पण उजेडात धरला की सरबत. ‘‘आता ह्याची सोलकढी होईल काय गो?’’ म्हटलं की मुली हसायच्या. त्या हसत असतानाच सांगून टाकायचं, की रक्तस्रावाच्या पेशंटला सलाईन लावताना तुम्ही हेच करत असता.

बत्तीस वर्षं सिंधुदुर्गात नोकरी केली, बहुतेक लेबर रूम आणि कॅज्युअल्टीत. निवृत्त झाले, पण आमच्या भागातल्या लहान दवाखान्यांतून नवीन मुलींचे, शिकाऊ डॉक्टरांचे फोन अजून येतात. त्यांना तोंडी सांगते ते एकदा लिहून ठेवते आहे. औषधाची ऑर्डर डॉक्टरनेच लिहायची. पण ऑर्डर येईपर्यंत काय करायचं, आणि आलेली ऑर्डर चुकीची वाटली तर कुठे तोंड उघडायचं, एवढं सिस्टरला कळलंच पाहिजे.

पेल्यातला पहिला धडा एचबीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा. नारळावरून पडलेला माणूस अर्ध्या तासात आणला, एचबी केला, तेरा आला आणि सगळे निर्धास्त झाले, हे मी कितीतरी वेळा पाहिलं. रक्त नुकतं गेलं असेल तर उरलेलं रक्त तितकंच दाट असतं, म्हणून पहिला एचबी खोटं बोलतो. खरा आकडा शरीराने आतलं पाणी ओढून घेतल्यावर, किंवा आपण बाटल्या लावल्यावर दिसतो. तेव्हा त्या कागदाकडे पाहू नका, पेशंटकडे पाहा.

पाहायचं काय? साठ किलोच्या माणसात साधारण सव्वाचार लिटर रक्त असतं, किलोमागे सत्तर मिलिलिटर. त्यातलं 15 टक्क्यांपर्यंत गेलं तर फारसं काही दिसत नाही. 15 ते 30 टक्क्यांत पल्स शंभरच्या वर जाते, माणूस अस्वस्थ होतो, पण बीपी जागेवर असतं. बीपी पडतं ते 30 टक्क्यांच्या पुढे. म्हणजे बीपी पडायची वाट पाहत बसलात तर सव्वा लिटर वाहून गेल्यावर तुम्ही जागे झालात. मी साधा भागाकार करते: पल्सला वरच्या बीपीने भागायचं. पल्स 120 आणि वरचं बीपी 100 असेल तर उत्तर एकच्या वर, आणि एकच्या आसपास पोचलं की गाडी बोलवायची. बीपीच्या गोळ्यांपैकी काही गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्यांची पल्स वाढतच नाही, तिथे हा हिशेब फसतो. तरणे खलाशी उलट. ते बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतात आणि मग एकदम कोसळतात. गरोदर बाईचंही तसंच, तिच्या अंगात रक्त मुळात जास्त असतं. त्याशिवाय तळहाताला हात लावून बघा. गार, ओलसर हात, आणि ‘‘पाणी द्या, पाणी द्या’’ असं सारखं मागणं. मला मॉनिटरपेक्षा ह्या दोन खुणांनी जास्त वेळा वाचवलं आहे.

पाणी मात्र द्यायचं नाही. ऑपरेशन लागण्याची शक्यता असते. ओठ ओले करा.

आधी भोक बुजवा

गळक्या घागरीत पाणी ओतत बसू नये हे कुणालाही कळतं, पण कॅज्युअल्टीत गर्दी झाली की सगळे शीर शोधायला धावतात आणि जखमेकडे एकही नाही. पहिला हात जखमेवर. आमच्याकडे जखमा कोयत्याच्या, ट्रॉलरवरच्या विंचच्या आणि हायवेच्या. येताना त्यांत दगडीपाला, हळद, कॉफी भरलेली असते. त्यावरून नातेवाइकांना ओरडू नका, त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं. खोल जखम असेल तर गॉजची पट्टी बोटाने आत, थेट रक्त येतंय तिथपर्यंत कोंबायची आणि वर दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून दाबायचं. दहा मिनिटं, घड्याळ लावून. मधे ‘थांबलं काय’ म्हणून उचलून बघायचं नाही. उचललंत की धरलेली गुठळी सुटते आणि घड्याळ पहिल्यापासून.

हातापायाचं रक्त दाबून थांबत नसेल तर पट्टा आवळायचा. इथे एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. पायाला काथ्याची दोरी बांधून आणलेला माणूस, दोरी कातडीत रुतलेली, आणि खालची जखम भळाभळा वाहतेय. बारीक दोरी अर्धवट आवळली की वरच्या शिरा बंद होतात, पण खोलवरची धमनी चालूच राहते. रक्त खाली जातं, वर परतत नाही, म्हणून जखमेतून दुप्पट येतं. पट्टा चार बोटं रुंद हवा, जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नको, आणि खालची नाडी बंद होईपर्यंत काठी घालून पिळलेला. बांधल्याची वेळ पेशंटच्या अंगावर मार्करने लिहा. दर दहा मिनिटांनी सैल करायचा ही जुनी शिकवण विसरा. दोन तासांपर्यंत पट्टा सहसा सोसतो, सोडायचा तो सर्जनच्या समोर.

नारळा-पोफळीवरून पडलेल्याच्या कमरेकडे मुद्दाम बघा. जमिनीवर रक्ताचा थेंब नसतो आणि मोडलेल्या ओटीपोटाच्या हाडांत दीड-दोन लिटर साचलेलं असतं. मांडीचं एक हाड मोडलं तरी लिटरभर आत जातं. चादर दुमडून नितंबांच्या पातळीला, जिथे मांडीचं हाड बाहेरून हाताला लागतं तिथे, घट्ट गुंडाळून गाठ मारा. पोटावर नव्हे. ओटीपोट हलवून ‘मोडलं काय’ बघू नका.

ह्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी फोन करायचा. माझा नियम: फोन आधी, सलाईन नंतर. 108 ला, आणि जिथे पाठवणार तिथल्या ब्लड बँकेला. क्रॉसमॅचला, म्हणजे पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळवून बघायला, पाऊण ते एक तास जातो. तो तास पेशंट रस्त्यावर असताना संपायला हवा.

कुठली सुई, कुठली बाटली

दोन शिरा, दोन्ही हातांना, कोपराच्या पुढे. सुई राखाडी, म्हणजे 16 नंबर. नाहीच जमली तर हिरवी, 18. निळी 22 लावून ‘लाईन मिळाली’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. राखाडीतून मिनिटाला दोनशेच्या आसपास मिलिलिटर जातं, निळीतून त्याच्या पाचवा हिस्साही नाही. नळी थोडी रुंद झाली की धार कितीतरी पटीने वाढते. सुई बसली की बाटली जोडायच्या आधी त्याच सुईतून रक्त घ्या, ग्रुप आणि क्रॉसमॅचसाठी, आणि नळीवर नाव तिथेच, पेशंटच्या बाजूला उभं राहून लिहा. टेबलावर जाऊन लिहीन म्हटलं की अदलाबदल झालीच समजा.

आता कपाटातल्या बाटल्या. पाच टक्के डेक्स्ट्रोज बाजूला ठेवा. त्यातली साखर शरीर वापरून टाकतं, उरतं साधं पाणी, आणि ते सगळ्या पेशींत पसरतं. शिरेत दहावा हिस्साही टिकत नाही. नॉर्मल सलाईन म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम मीठ. त्यात क्लोराइड 154, आपल्या रक्तात शंभरच्या आसपास. एक-दोन बाटल्यांनी काही बिघडत नाही, पण भरमसाट दिलं तर रक्त आम्ल होत जातं. रिंगर लॅक्टेट, आपलं आरएल, रक्ताच्या जास्त जवळचं, म्हणून रक्तस्रावात पहिली पसंती तिला. अपवाद दोन. डोक्याला मार असेल तर नॉर्मल सलाईन, कारण आरएल जरा पातळ पडतं आणि मेंदूची सूज वाढू शकते. आणि रक्ताच्या पिशवीबरोबर त्याच नळीतून आरएल नको. त्यातलं कॅल्शियम पिशवीतल्या, रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटला भेटलं की गुठळ्या होतात. रक्ताबरोबर फक्त नॉर्मल सलाईन.

आणि ती महागातली, घट्टसर बाटली? स्टार्च, जिलेटिन, डेक्स्ट्रान. एकेकाळी ती टांगली की आम्हांला मोठी ट्रीटमेंट केल्यासारखं वाटायचं. शिरेत जास्त वेळ टिकते हे खरं. पण स्टार्चने किडन्या बिघडतात आणि रक्त गोठायला अडथळा होतो, हे 2012 च्या मोठ्या अभ्यासांत दिसलं, आणि युरोपने 2022 मध्ये तिची परवानगीच थांबवली. डेक्स्ट्रानने तर क्रॉसमॅचही गोंधळतो. अल्ब्युमिनच्या, म्हणजे रक्तातल्याच प्रथिनाच्या बाटलीच्या बाबतीत 2004 च्या अभ्यासात सलाईनपेक्षा फायदा दिसला नाही, आणि डोक्याला मार लागलेल्यांत तोटाच दिसला. कपाटात जुनी बाटली सापडली तर तिच्या किमतीकडे बघून ती लावू नका.

शहाळ्याचं विचारतात, म्हणून तेही सांगते. शहाळ्याचं पाणी शिरेतून दिल्याची नोंद खरोखर आहे. सॉलोमन बेटांवर बाटल्या संपल्यावर एका पेशंटला थोड्या काळापुरतं दिलं होतं, त्याचा अहवाल 2000 साली छापून आला. पण शहाळ्यात सोडियम नावाला आणि पोटॅशियम भरपूर. रक्त गेलेल्या, लघवी थांबलेल्या माणसाला ते शिरेतून देणं म्हणजे त्याचं हृदय थांबवायची तयारी. शहाळं नातेवाइकांना पाजा.

किती?

इथेच मी स्वतः चुकलेली आहे. खूप वर्षांपूर्वी, ज्या ठिकाणी तेव्हा होते तिथे, घाटात गाडी उलटून पोटाला मार लागलेला पंचविशीतला मुलगा आला. बीपी सत्तर. आम्ही सहा बाटल्या दोन्ही हातांतून पिळून पिळून घातल्या. बीपी 120 झालं, मी स्वतः खुशीत चार्टवर लिहिलं. वीस मिनिटांनी पुन्हा सत्तर. तेव्हा तपासणीसाठी रक्त काढलं आणि सिरिंजमधून पाणचट गुलाबी आलं. सुईच्या भोकातूनही थांबेना. पुढच्या हॉस्पिटलात टेबलावर पोचला, पण राहिला नाही. आगळाचा पेला मी त्यानंतर सुरू केला.

काय झालं होतं? बीपी वर ढकललं तशी आत धरलेली गुठळी सुटली. पाण्याने रक्त गोठवणारे घटक पातळ केले. गार बाटल्यांनी अंग गार केलं, आणि गार अंगात रक्त नीट गोठत नाही. शिवाय घातलेलं पाणी तरी कुठे राहतं? तासाभरात पाऊण हिस्सा शिरेतून बाहेर, हातापायांत, फुप्फुसांत. खारं पाणी शिरेत घालायची युक्ती 1832 मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरने कॉलऱ्यासाठी काढली. ज्यांचं पाणी गेलं होतं त्यांच्यासाठी. आमच्या मुलाचं रक्त गेलं होतं.

म्हणून आता असं: 250 मिलिलिटर द्या, थांबा, मनगटाची नाडी बघा. लागते आहे, पेशंट नाव सांगतोय, वरचं बीपी 80-90 आहे, तर तिथेच थांबा. नाडी गेली तर आणखी 250. घोट घोट. ह्यूस्टनला 1994 मध्ये भोसकलेल्या आणि गोळी लागलेल्या 598 जणांवर अभ्यास झाला. ऑपरेशनपर्यंत सलाईन रोखून धरलेल्यांत 70 टक्के वाचले, लगेच दिलेल्यांत 62. पण तिथे ऑपरेशन टेबल जवळ होतं. कणकवलीहून गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचायला दोन तास धरायचे, म्हणून मी पूर्ण रोखा म्हणत नाही. डोक्याला मार असेल तर मात्र ही काटकसर करायची नाही, मेंदूला दाब लागतो, वरचं बीपी 110 च्या खाली जाऊ देऊ नका.

नातेवाईक गप्प बसत नाहीत. ‘‘सिस्टर, आणि एक बाटली लावा गे, ताकद येतली.’’ त्यांना बाटलीतलं मीठ-पाणी समजावत बसायला वेळ नसतो. मी म्हणायची, ‘‘ताकद रगतात आसा, आणि ता तुमच्या दंडात आसा. चला, कोण कोण देतासात?’’ त्याने निदान चौघे कामाला लागतात.

पावसात ओले कपडे कात्रीने कापून काढा, घोंगडी घाला. बाटल्या कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून, हाताला उबदार लागतील इतपत करून लावा. रक्ताची पिशवी मात्र गरम पाण्यात बुडवायची नाही.

बाटलीपेक्षा जास्त उपयोगाचं एक इंजेक्शन प्रत्येक लहान दवाखान्यात असतं: ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. धरलेली गुठळी ते विरघळू देत नाही. एक ग्रॅम दहा मिनिटांत हळू, मग अपघातात पुढचे आठ तास मिळून आणखी एक ग्रॅम. 2010 मध्ये 20,211 जखमी माणसांवर आणि 2017 मध्ये 20,060 बाळंतिणींवर ते तपासून झालं आहे. अट एकच, रक्त सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं. तीन तासांनंतर अपघाताच्या पेशंटला उलट तोटा होतो. म्हणून ‘किती वाजता लागलं’ हा प्रश्न दारातच विचारा.

बाळंतिणीचं थोडं वेगळं. गर्भाशय चोळणं, ते आवळून धरणारं ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक, सगळं एकदमच, एकामागून एक वाट बघत नाही. अर्ध्या तासानंतरही रक्त चालू असेल तर ट्रॅनेक्झॅमिकचा दुसरा ग्रॅम. रक्ताचा डोळ्याचा अंदाज नेहमी कमी पडतो. भिजलेली कापडं प्लॅस्टिक पिशवीत भरून बाळाच्या वजनकाट्यावर ठेवा, कोरड्या कापडांचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. पाचशेला घंटा वाजवा. सात एचबीच्या बाईला तर त्याआधीच, तिचं आगळ मुळातच पातळ असतं.

फुरसं किंवा घोणस चावून हिरड्यांतून रक्त येणाऱ्याला ह्यातलं काही लागू नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवा. तिरपी केल्यावर वाहिलं तर सर्पविषाची लस. पट्टा बांधायचा नाही.

रक्त आणताना

‘बर्फात ठेवून आणा हं’ असं मी एकदा एका मच्छीमाराला सांगितलं, घाईत, पाठमोरी होऊन. तो इमानदारीने सुरमईचा थर्माकोलचा डबा घेऊन गेला आणि पिशवी सुरमईसारखीच भरून आणली. खाली बर्फाचा चुरा, वर बर्फाचा चुरा. पिशवीची एक कड कडक झाली होती, आणि सुटल्यावर तिथलं रक्त जांभळट, पारदर्शक. गोठलेल्या पेशी फुटतात. ती पिशवी फेकावी लागली. चूक त्याची नव्हती. आता मी चिठ्ठीवर लिहून देते: डबा धुतलेला, बर्फ प्लॅस्टिक पिशवीत बंद, त्यावर जाड पुठ्ठा, पुठ्ठ्यावर टॉवेल, मग रक्त. बर्फ आणि पिशवी एकमेकांना शिवता कामा नयेत. फ्रिजबाहेर काढल्यापासून अर्ध्या तासात लावा, चार तासांत संपवा, गाळणीवाल्या सेटमधून. दोघींनी मिळून नाव, नंबर, ग्रुप मोठ्याने वाचा. भराभर पिशव्या जाऊ लागल्या तर डॉक्टरांना कॅल्शियमची आठवण करा, पिशवीतलं सायट्रेट ते खाऊन टाकतं. आणि नुसत्या लाल पेशी देत राहिलं तर गोठणं सुधारत नाही, गोठवणारे घटक असलेला प्लाझ्माही मागा.

ग्रुप कळायच्या आत जीव जात असेल तर ओ निगेटिव्ह, ते नसेल तर पुरुषाला ओ पॉझिटिव्ह. फक्त एक अपवाद आपल्या मुंबईतच सापडला. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये दाखवलेला बॉम्बे ब्लड ग्रुप. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण त्याला ओ रक्तही चालत नाही. क्रॉसमॅच जुळेना झाला की हे आठवा.

भाचा विचारतो, ‘‘मावशी, कृत्रिम रक्त निघालंय म्हणे, मग हा सगळा व्याप कशाला?’’ प्रयत्न खूप झाले. फ्लोरीनच्या द्रवात प्राणवायू चांगला विरघळतो, त्याचं एक औषध अमेरिकेत 1989 मध्ये मंजूर झालं, 1994 मध्ये बंदही झालं. दुसरी वाट, पेशीतून हिमोग्लोबिन काढून तेवढंच द्यायचं. ग्रुप नको, फ्रिज नको. पण पेशीबाहेर मोकळं सुटलेलं हिमोग्लोबिन शिरा सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं. शिरा आवळतात, बीपी छान दिसतं, आणि हृदयावर ताण येतो. एका अशा औषधाच्या चाचणीत 28 दिवसांत 46 टक्के जखमी दगावले, सलाईन मिळालेल्यांत 17 टक्के. गाईच्या हिमोग्लोबिनचं एक औषध दक्षिण आफ्रिकेत 2001 मध्ये मंजूर झालं. आता हिमोग्लोबिन पुन्हा बारीक कृत्रिम पिशव्यांत भरायचं संशोधन जपान-अमेरिकेत चालू आहे. आपल्या कपाटात मात्र ते नाही. भाच्याला म्हटलं, तू पंचावन्न किलोच्या वर आहेस ना, मग तुझं 450 मिलिलिटर घेतात, तीन महिन्यांनी परत.

गाडी सुटताना चिठ्ठी पेशंटच्या नातेवाइकाकडे देऊ नका, गाडीतल्या डॉक्टरच्या हातात द्या. रक्त सुरू झाल्याची वेळ, पट्ट्याची वेळ, ट्रॅनेक्झॅमिकची वेळ, सलाईन किती मिलिलिटर, रक्ताचा नमुना कुठे पाठवला. आणि रिकाम्या बाटल्या टाकून देऊ नका. एका पिशवीत घालून पेशंटच्या पायाशी ठेवा. घाईत लिहिलेला आकडा चुकतो, तिथल्या सिस्टरला बाटल्या मोजता येतात.